टेबलावर लागलेलं लग्न

६ जानेवारी

आज दुपारी नेत्राने माझा हात धरला आणि माझं आयुष्य तिथून वळलं. पुढे कधी कुणी विचारलं तर तारीख पाठ असावी म्हणून लिहून ठेवतोय.

झालं असं. आमच्या केंद्रात रोज सकाळी म्हातारी माणसं येतात. सगळी विसरणारी. म्हणजे चष्मा कुठे ठेवला तसलं विसरणं नाही, मुलाचं नाव काय तसलं. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. सुमती मॅडम शाळेतून रिटायर झाल्यावर हे केंद्र चालवतात. त्यांनी दिवाळीत एक मशीन आणलं. छताला प्रोजेक्टर, खाली पांढरं टेबल. टेबलावर उजेडाची फुलं, पानं, मासे पडतात. हात फिरवला की ती हलतात, पळतात. माईक आहे, कुणी बोललं-गायलं की चित्र त्यालाही उत्तर देतं. ते चालवायला कॉम्प्युटरवाला कुणीतरी हवा होता, म्हणून मी. बीएस्सी आयटी मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, सरांच्या टेबलावर जर्नल आपटून. त्याचा विषय निघाला की बाबा अजून ताट पुढे सरकवून उठतात.

म्हाताऱ्यांना मशीन आवडलं. अण्णा जन्मभर तलाठी ऑफिसात होते, ते उजेडाचे मासे पकडतात आणि माझ्याकडे पावती मागतात. पण नेत्राची आजी, ठकुबाई, टेबलाकडे ढुंकून बघत नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची.

ठकुबाई वळ गावची. धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले, लग्नाची गाणी, गाणारी. आमच्याकडच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. ती गायल्याशिवाय हळद लागत नाही, मांडव उभा असून उभा वाटत नाही. वळपासून वज्रेश्वरीपर्यंत अर्ध्या बायकांची लग्नं हिच्या गळ्याने लागलीत. माझ्या आईचंसुद्धा. आजार लागल्यापासून गाणं बंद.

म्हणून मी घरी बसून एक नवीन चित्र बनवलं. टेबलभर मांडव. मध्ये बिनचेहऱ्याच्या दोन बाहुल्या, नवरा-नवरी. हात फिरवला की तांदूळ पसरतो. कुणी गायलं की कडेच्या समया एकेक करून पेटतात. आज लावलं. ठकुबाईने बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"तांदूल कोनी सांडला रं?"

उठली, टेबलाशी आली, दोन्ही तळव्यांनी उजेडाचा तांदूळ गोळा करायला लागली. गोळा करता करता तोंडातून सूर आला. आधी घोगरा, मग असा की अण्णांनी पावती मागायचं थांबवलं. एक समई पेटली, दुसरी पेटली.

नेत्रा आजीला न्यायला आली होती. दारातच थांबली. मी जवळ गेलो तर तिने माझा हात घट्ट धरला. "मनोज, आजी गातेय रे," एवढंच म्हणाली. हात बर्फासारखा गार. ती आजीकडे बघत होती, मी तिच्याकडे.

धवला संपेपर्यंत तिने हात सोडला नाही. उगाच कुणी एवढा वेळ हात धरतं का?

१४ जानेवारी

नेत्राने सगळ्या केंद्राला तिळगूळ वाटला. मला दोन दिले. अण्णांनाही दोन दिले, पण त्यांनी मागून घेतले.

मॅडमनी सगळ्यांचा फोटो काढला. ठकुबाई आता रोज टेबलाशी बसते. जेवली की नाही ते आठवत नाही, मुलाला "तुमी कोन?" विचारते, पण मांडव दिसला की गळा मोकळा. आधी नवरीचं नाव विचारते. मी काहीही सांगतो, मेघाली, यामिनी. ते नाव ती बरोबर चालीत बसवते.

जाताना नेत्रा म्हणाली, "माझ्या लग्नात आजीने एक धवला म्हटला ना, बास. मला दागिने नकोत, हॉल नको. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी दुसऱ्यांच्या लग्नात तिचं गाणं ऐकायचे. तेव्हा म्हणायची, तुझा सगळ्यांत मोठा गाईन."

आपल्या लग्नाचं एखादी मुलगी कुणाही मुलाशी बोलत नाही.

२३ जानेवारी

नेत्राचं लग्न ठरलं. कुमार म्हणून आहे, वज्रेश्वरीला पूजेच्या सामानाचं दुकान. पुढच्याच महिन्यात लग्न. पेढे घेऊन आली होती. म्हणाली, "पहिला पेढा तुला. तू आजीला परत आणलीस म्हणून बाबा आता घाई करतायत, ती गातेय तोवर होऊ दे म्हणतात."

म्हणजे मीच.

पेढा खाल्ला. खाली येऊन बाइकला लाथ मारली. अंगठा सुजलाय. बाइकला काही झालं नाही.

तिला माहीत नव्हतं असं कसं असेल? गेले तीन महिने मी कुणासाठी शर्टाला इस्त्री करत होतो, अण्णांसाठी?

२४ जानेवारी

आज जे केलं ते लिहिणार नाही.

२५ जानेवारी

लिहितो. डोक्यात ठेवलं तर डोकं फुटेल.

काल मॅडम ठाण्याला गेल्या होत्या. जेवणानंतर बाकीची माणसं खुर्च्यांत डुलक्या घेत होती. मी संक्रांतीच्या फोटोतून नेत्राचा चेहरा कापला. कॉलेजच्या आयकार्डवरून माझा घेतला. टेबलावरच्या बाहुल्यांना लावले. फक्त एकदा बघायचं होतं. माझ्याच मशीनवर, माझ्याच डोळ्यांनी. कुणाचं काय जाणार होतं?

ठकुबाई खुर्ची ओढून समोर बसली. "नवऱ्याचा नाव काय?"

"मनोज."

"नवरीचा?"

इथे मी मेघाली म्हणू शकलो असतो. "नेत्रा," म्हणालो.

तिने वाकून चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे. "माजी नेत्रा?"

आणि मी हो म्हटलं.

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. आजवर टेबलाशी गाताना तिने कधी पदर सारखा केला नव्हता. मग सुरू झाली. तांदळापासून सुरू केलं, हळदीचं म्हटलं, मांडवाचं म्हटलं, पोरीला सासरी लावतात तिथपर्यंत आली. मध्ये पाणी दिलं तर हाताने बाजूला सारलं. रोज ती एखादा धवला गाते आणि गळून जाते. काल सगळे गायली. शेवटच्याला रडत होती. सगळ्या समया पेटल्या तेव्हा उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जावयबापू, सांबाला आमच्या पोरीला."

मी वाकून पाया पडलो. खोटं वाटत नव्हतं, हेच सांगायचंय. त्या वेळेला मला जरासुद्धा खोटं वाटत नव्हतं.

३० जानेवारी

विसरेल. सकाळचे पोहे ती दुपारी विसरते.

पण मला बघितलं की पदर सावरते आणि जावयबापू म्हणते. मॅडमना वाटतं गंमत करते. मी हसतो. लाज वाटते आणि बरंही वाटतं, दोन्ही एकदम. आता टेबलावर मांडव लावला तरी गात नाही. "झाला ना लगीन," म्हणते आणि तांदूळ कडेला लोटते.

बहुतेक थकलीय.

६ फेब्रुवारी

थकलेली नाही.

नेत्रा आली ती डोळे सुजवून. काल कुमारच्या घरच्या बायका वळला आल्या होत्या. ह्या वयातली धवलारीण मांडवात बसणार म्हणून त्यांना कौतुक. नेत्राच्या आईने, चंद्राकाकीने, सासूला गादीवर बसवलं, हातात तांदूळ दिला. "आत्या, आपल्या नेत्राचा धवला म्हना ना."

ठकुबाई म्हणाली, "कितीदा म्हनायचा? लगीन झाला पोरीचा. मीच गायले."

बायका हसल्या. काकी म्हणाली, "अवो आत्या, लगीन अजून व्हायचा हाय."

"येडी हाय का तू? एका पोरीचा धवला येकदाच. दुसऱ्यांदा गायला तर पैल्या नवऱ्याचा काय? मेला तो? चांगला हाय, रोज भेटतो मना."

मग कुणी हसलं नाही. कुमारच्या आत्येने विचारलं म्हणे, "पैला नवरा कोन ओ?"

"आजारामुळे बोलते असं बाबांनी सांगितलं त्यांना," नेत्रा म्हणाली. "त्यांना पटलं. मला लोकांचं काही नाही रे मनोज. पण आजी गाणारच नाही. तू काहीतरी कर. तुझ्या टेबलावर परत करून बघ."

मी म्हणालो, करतो. तिच्या डोळ्यांत न बघता.

७ फेब्रुवारी

नेत्राने कुमारचा फोटो पाठवला. साधा माणूस दिसतो, कानांवर केस. मला वाटलं होतं बघितल्यावर राग येईल. आला नाही, तेच वाईट.

बाहुलीला लावला. नेत्रा शेजारी बसली होती. "आजी बघ, मी आणि हे कुमार. गा ना."

ठकुबाईने चित्रातल्या कुमारवर हात आपटला. तांदूळ उडाला. "ह्यो कंचा? नवरा त्यो हाय." आणि बोट माझ्याकडे.

नेत्रा हसली. "हो गं, कुणालाही कुणीही करतेस. परवा रिक्षावाल्याला मुलगा केलास." मग माझ्याकडे वळली, "सॉरी रे. तू वाईट वाटून घेऊ नको."

सॉरी. मला.

ती गेल्यावर मी मशीनमधलं ते चित्र काढून टाकलं. मशीन माईकवरचा आवाज आपोआप साठवतं, मॅडमना डॉक्टरांना ऐकवायचा असतो. चोवीस तारखेचा तो आवाजही होता. मॅडमच्या हाती लागला तर "मनोज, नेत्रा" स्पष्ट ऐकू येणार. तोही डिलीट केला. नंतर रिकामं टेबल पुसत बसलो, पांढऱ्यावर काही नसताना.

ठकुबाईच्या डोक्यातून सगळं वाहून चाललंय. नवरा गेला, शेत गेलं, शेतावर गोडाऊन उभं राहिलं तेही गेलं. नेमकं मी टाकलेलं तेवढं राहिलंय.

१३ फेब्रुवारी

सांगितलं.

नेत्रा आजीला घ्यायला आली तेव्हा जिन्यात गाठलं. सगळं एका दमात बोललो. फोटो, नाव, पाया पडलो तेही. तिने मला मारावं असं मनात होतं. मारलं असतं तर मीही ओरडलो असतो आणि काहीतरी संपलं असतं.

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "सगळे गायली?"

"हो."

"सासरी लावतात तो पण?"

"हो."

"कशी गायली?"

मी म्हणालो, पदर सारखा करून बसली. शेवटी रडली. पाणी घेतलं नाही.

नेत्राचा चेहरा एकदम बदलला, अगदी लहान मुलीसारखा. "पण ते मशीन आवाज ठेवतं ना? मॅडम म्हणाल्या होत्या. मग तो आहे आपल्याकडे. मनोज, मला तो दे. हळदीला तोच लावू."

मला तोपर्यंत वाटत होतं की मी काय केलंय ते मला माहीत आहे.

"डिलीट केला," म्हणालो. "कुणाला कळू नये म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग असता तर मला झेपला असता. मग म्हणाली, "माझ्यावर प्रेम आहे म्हणून केलंस ना? माझं एकच मागणं होतं, तुला माहीत होतं ते."

वर जाऊन आजीला घेऊन आली. ठकुबाई जिना उतरताना मला म्हणाली, "येते जावयबापू." नेत्राने तिचा हात पकडला आणि सावकाश, एकेक पायरी उतरवत नेली. मागे वळून बघितलं नाही. मी बघण्यासारखा नव्हतोच.

१७ फेब्रुवारी

ठकुबाई केंद्रात येत नाही. अण्णा तिच्या खुर्चीत बसत नाहीत, "आरक्षित आहे" म्हणतात.

मॅडमनी कारण विचारलं, मी तेही सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "लग्नानंतर तुला ठेवायचं का ते ठरवीन. आत्ता एवढंच सांगते. तिला चुकीचं ठरवायला जाऊ नकोस. तुम्ही सगळे तिला आपल्याकडे ओढताय, की लग्न झालं नाही, झालं नाही. ती यायची नाही. ती जिथे आहे तिथे कुणीतरी जाऊन बसायला पाहिजे."

"ती जिथे आहे तिथे मी तिचा जावई आहे, मॅडम."

"मग?"

चिडून म्हणालो, तुम्हाला बोलायला सोपं आहे. त्या म्हणाल्या, हो, मला सोपंच आहे.

२१ फेब्रुवारी

आज नेत्राची हळद होती. मी जाणार नव्हतो. चंद्राकाकीचा फोन आला. तिला काही माहीत नाही, नेत्राने घरात कुणालाच सांगितलेलं नाही. "मनोज, बाला, जरा येऊन जा रं. आत्या खोलीतून बाहेर येईना. मुठी वलून बसलीय. जावय कुटं हाय, जावय कुटं हाय चाललंय. तुजा ऐकते ती."

बाइक काढली. वळला पोचेपर्यंत दोनदा परत फिरायचा विचार आला.

अंगणात मांडव. नेत्रा पाटावर बसली होती. अजून हळद लागली नव्हती, आजीसाठीच सगळे थांबले होते. बाजूच्या गावातून दुसरी धवलारीण, तुळजाबाई, बोलावून ठेवलेली, ती चहा पीत होती. नेत्राने मला बघितलं आणि मान खाली घातली. मला येऊ नको म्हणाली नाही, ये पण म्हणाली नाही.

आतल्या खोलीत ठकुबाई खाटेवर. नेत्राचे बाबा, लडकूकाका, तिच्यापुढे हात जोडून बसले होते. "आये, तुजी नात हाय गो. येक बोल." ती भिंतीकडे बघत होती. मला पाहून पदर सावरला.

"आला जावयबापू. हे लोक मना छलतात. पोरीचा दुसरा लगीन लावतात."

काका माझ्याकडे आशेने बघायला लागले. मी खाटेशी जमिनीवर बसलो. मॅडमचं बोलणं डोक्यात होतं आणि पुढचं काहीच नव्हतं. तोंडातून आपोआप आलं.

"आजी, ते लग्न नाही. मी तुम्हाला घ्यायला आलोय. माझ्या बहिणीचं लग्न आहे आज."

तिने मान वळवली. "तुजी भयीन?"

"हो. हळद खोळंबलीय. धवलारीण मिळत नाही."

मुठी सुटल्या. "आन मना आता सांगतो? उठव मना. चंद्रे, माजा लुगडा नीट कर. तांदूल निवडला का? वराड कंच्या गावचा?"

काकी धावली. एका मिनिटात ती म्हातारी कामावर निघालेल्या बाईसारखी झाली. माझ्या खांद्यावर हात टाकून मांडवात आली, पाटासमोर बसली, सूप पुढे ओढलं. नेत्राच्या तोंडाकडे तिने बघितलं, नवरीकडे बघतात तसं, कपाळ, हात, बांगड्या.

"पोरीचा नाव काय?"

काकी पुढे होऊन काहीतरी सांगणार होती, मी हाताने थांबवलं. नेत्राने मान वर केली. जिन्यातल्या त्या दिवसानंतर ती माझ्याकडे अशी सरळ पहिल्यांदाच बघत होती.

"नेत्रा," मी म्हणालो. "माझ्या बहिणीचं नाव नेत्रा."

"माज्या नातीचाच नाव," ठकुबाई खूश झाली. "चांगला नाव हाय."

आणि गायला लागली. पहिल्याच ओळीत नवरीच्या नावाला भावाचं नाव लागतं. मनोजची बहीण नेत्रा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लडकूकाकांनी मला पाहिलं आणि काही न विचारता डोळे पुसले. ओळ फिरून आली, परत तेच. मनोजची बहीण. मांडवातल्या सगळ्या बायका मागून तीच ओळ म्हणायला लागल्या, चालच तशी असते, धवलारीण म्हणेल ते मागच्यांनी म्हणायचं. हळद लागली. नेत्रा रडत होती, पण हळद लागताना सगळ्याच रडतात.

चोवीस तारखेचा आवाज नव्हता हा. तो भरलेला होता, पोटातून आलेला. आज तिने चांगलं गायलं, नीट गायलं, लोकांच्या पोरीसाठी गातात तसं. हे फक्त मला कळत होतं. नेत्रालाही कळलं असेल, तिने लहानपणी असे कितीतरी ऐकलेत.

दोन धवले झाले आणि ती थांबली. श्वास लागला होता. माझी बाही धरून हळूच विचारलं, "आमची नेत्रा कुटं हाय? नणंदेच्या हलदीला आनली न्हाय तिला?"

नेत्रा हातभर अंतरावर होती. तिच्या गालावरून हळद ओघळत होती.

"घरी आहे," मी म्हणालो. "बरी आहे."

"सुकात हाय ना?"

"हो आजी."

बाहेर डीजेवाल्याने बॉक्स तपासायला सुरुवात केली. ठकुबाई दचकली. नेत्रा पाटावरून उठली, बायका नको नको म्हणत असताना उठली आणि हळदीच्या हातांनी आजीला धरून आत नेलं. मी दुसरा हात धरला होता. खाटेवर आडवं केलं. नेत्रा उशाशी बसली. ठकुबाईने तिच्या बांगड्या चाचपल्या.

"जा पोरी, पाटावर बस. तुजा भाऊ भला हाय गो. मना घ्यायला आला."

नेत्रा आजीच्या केसांत अडकलेले तांदळाचे दाणे एकेक करून काढत राहिली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, वाईट का होईना. मी उंबऱ्याशी उभा राहिलो, जरा जास्तच वेळ. मग डीजेचा आवाज वाढला, आजीने डोळे घट्ट मिटले, आणि नेत्रा मान वर न करता म्हणाली, "आवाज आत येतोय."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.